रिकाम्या खुर्चीची सूचना

६ जानेवारी, सोमवार

'खुर्ची' आज सकाळी बंद पडली. उठलो तर फोनवर मेसेजचा ढीग, आणि सगळ्यांचा सूर एकच: काय हो, झोपलात का? फुकटचं ॲप वापरणाऱ्या माणसाला जेवढा माज असतो तेवढा विमानाचं तिकीट काढलेल्यालाही नसतो.

हे लिहून ठेवतोय, कारण ह्या वेळी भांडण लांबणार असं दिसतंय. उद्या कुणी विचारलं तर तारखा माझ्याकडे असाव्यात.

निर्झर रुग्णसेवा न्यासाची डायलिसिसची तीन केंद्रं आहेत. शहाड, डोंबिवली आणि वर्तकनगर. ज्याला आठवड्याची कायमची पाळी मिळालेली नाही, त्यानं रोज दुसऱ्याची सुटलेली पाळी पकडायची. कोणी लग्नाला गावी गेलं, कोणी हॉस्पिटलात दाखल झालं, की तेवढ्या दिवसापुरती त्याची खुर्ची रिकामी. न्यास सकाळी ह्या खुर्च्या वेबसाइटवर टाकतो आणि जो आधी नाव नोंदवेल त्याला ती मिळते. दोन वर्षांपूर्वी बाबांसाठी मी ते पान दिवसभर बघत बसायचो. ऑफिसात मीटिंग चालू आणि माझा अंगठा त्या पानावर. शेवटी वैतागून ॲप लिहिलं. घरातला जुना लॅपटॉप दर मिनिटाला पान बघतो आणि खुर्ची दिसली की फोनवर सूचना पाठवतो. पुढे बाबांना शहाडला कायमची पाळी मिळाली, सोम-बुध-शुक्र. पण तोवर ॲप इतर लोकांच्या फोनवर गेलेलं. मग चालू ठेवलं. माणसाला एक छंद हवा. काही लोक बोन्साय करतात.

आज न्यासानं वेबसाइटला 'नवे रूप' दिलंय. गुलाबी पट्टी, हात जोडलेली बाई, आणि रिकाम्या जागांचा तक्ता उचलून भलतीकडे. कुणालाही न विचारता. खाली लिहिलंय, 'संकेतस्थळ व्यवस्था: कल्पिता म्हात्रे, शहाड केंद्र'. ह्या बाईला वेबसाइट येत नाही. हे मी आजच लिहून ठेवतो.

७ जानेवारी, मंगळवार

दुरुस्त केलं. जेवताना बाबांनी विचारलं, "नक्की काय बिघडलं होतं रे?"

बाबांना असलं काही विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, आणि दोघांत बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्या का, पाणी किती प्यालात, रिक्षा सांगितली का. म्हणून खूश होऊन सगळं सांगितलं. तक्त्यात तिसरा रकाना असतो, वर 'रिकामी' असं लिहिलेला. ॲप तो शोधतं आणि खालचे आकडे उचलतं.

"आणि रकाना नसलाच तर?"

"तर आंधळं होईल."

बाबा बराच वेळ भात चिवडत बसले. मग म्हणाले, "तिथे बाकावर एक जोडपं बसतं. रघु आणि गोदा. खाडीकाठच्या गावातले आहेत. त्यांना अजून कायमची पाळी नाही. ते पहाटेच..."

मी म्हटलं, बाबा, त्यांच्या फोनवर ॲप टाकून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. मग त्यांना सूचना कशी जाते तेही समजावून सांगितलं.

१६ जानेवारी, गुरुवार

तक्ताच काढून टाकला. आता त्या जागी तक्त्याचं चित्र आहे. माणसाला वाचता येतं, ॲपला येत नाही. पान उघडायला आधीपेक्षा तिप्पट वेळ लागतो. कुठल्या शहाण्या माणसाला हे सुचेल?

न्यासाला मेल टाकली. सभ्य शब्दांत, पण लागेल अशी. रुग्णांच्या सोयीत जाणूनबुजून अडथळा आणण्यामागे आपला नेमका हेतू काय, वगैरे. ऑफिसात व्हेंडरला लिहितो तशी.

दुपारी उत्तर आलं. "सलिल सर, चित्र आम्ही मुद्दाम टाकले आहे. कारण मेलमध्ये लिहिण्यासारखे नाही. तुम्ही एकदा केंद्रावर याल का, किंवा मी फोन करू का? कल्पिता म्हात्रे."

मुद्दाम म्हणे. स्वतःच कबूल करते. फोन कशाला? फोनवर बोललेलं नंतर नाकारता येतं. मी लिहिलं, जे असेल ते लेखी द्यावे. पुन्हा काही आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

दोन दिवस खपून ॲपला चित्र वाचायला शिकवलं. आता चालतंय, आणि मजा म्हणजे आधीपेक्षा जोरात चालतंय. खुर्ची लागली की मिनिटाच्या आत जाते. कल्याणहून महेंद्र म्हणून कोणी आहेत, त्यांचा मेसेज आला: "सर तुमच्यामुळे टेन्शन गेलं. वडिलांसाठी मी डोंबिवली आणि शहाड दोन्हीकडे बुक करून ठेवतो, मग सकाळी ट्रॅफिक बघून ठरवतो कुठे जायचं." असे लोक भेटले की कष्टांचं चीज होतं.

बाबांना तो मेसेज वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग दुसऱ्या खुर्चीचं काय होतं?"

"कुठल्या?"

"जिथे ते जात नाहीत, ती."

"रिकामी राहत असेल," मी म्हटलं. "तो न्यासाचा प्रश्न आहे. त्यांनी सिस्टीम नीट करावी."

थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "हे तुझं यंत्र छापलेलं वाचतं. हातानं लिहिलेलं वाचतं का?"

मी हसलो. हातानं कोण लिहिणार आहे?

२२ जानेवारी, बुधवार

वेबसाइटवर फळ्याचा फोटो आहे.

काळा फळा. त्यावर खडूनं आखलेला तक्ता. शहाड, डोंबिवली, वर्तकनगर. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. कोपऱ्यात डस्टर दिसतंय. देशात काय काय चाललंय आणि ही बाई खडू घेऊन उभी आहे.

मी ऑफिसात सिद्धेशला दाखवलं. तो टेस्टिंगला आहे, माझ्या बाजूलाच बसतो. पोट धरून हसला. मग म्हणाला, "पण भाई, कोणीतरी रोज पहाटे उठून हे लिहितंय म्हणजे काहीतरी लफडं असणार ना."

मी म्हटलं, लफडं एकच, सरकारी डोकं. तो म्हणाला, हा तर ट्रस्ट आहे. मी म्हटलं, तेच ते.

२३ जानेवारी, गुरुवार

वर न्यासाच्या त्या हात जोडलेल्या बाईचा राग येतो. रोज पान उघडलं की आधी तीच.

१ फेब्रुवारी, शनिवार

कल्पिता म्हात्रेचं अक्षर आता मला माझ्या अक्षरापेक्षा जास्त पाठ आहे. रोजच्या फोटोतले आकडे कापून कापून ॲपला दाखवले. तिच्या चारला डोकं नसतं. पाच लिहिताना ती घाईत असते. तीन ठसठशीत काढते, बहुतेक शाळेत तीनसाठी मार खाल्लेला असणार. सात आणि एक यांत ॲपचा घोटाळा व्हायचा, तोही काल सुटला. आज सकाळी धडाधड सूचना गेल्या आणि बघता बघता तिन्ही केंद्रांच्या खुर्च्या संपल्या.

बाबा कालच्या डायलिसिसनं थकलेले होते, आडवे होते. तरी मी सांगितल्यावर उठून बसले.

"म्हणजे तिचंच अक्षर वाचतं?"

"तिचंच. इतके दिवस तेच तर शिकवलं."

"दुसऱ्या कोणाचं असेल तर नाही वाचणार?"

"नाही. परत पहिल्यापासून शिकवावं लागेल. पण दुसरं कोण लिहिणार आहे? तिथे तीच एक रिकामटेकडी."

"ती रिकामटेकडी नाही, सलिल," बाबा म्हणाले. "काउंटर तीच बघते, फोन तीच घेते. शहाडला काल दोन खुर्च्या तीन तास रिकाम्या होत्या. नावं लागली होती, माणसं आलीच नाहीत. आणि बाहेर रघु बसलेला होता. त्याचे पाय इतके सुजलेत की..."

मी म्हटलं, म्हणूनच सांगतो, न आलेल्याची जागा सुटली की पुन्हा सूचना जाईल अशी सोय मी करू शकतो. फक्त न्यासानं मला त्यांच्या आतल्या माहितीचा दरवाजा उघडून द्यावा. ती बाई देईल का? नाही देणार. हे सगळं बाबांना नीट समजावलं. बाबा ऐकत होते. मग परत आडवे झाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ॲप गप्प. लॅपटॉपवर बघितलं तर फळा आहे, फोटो आहे, आकडे आहेत, पण एकही आकडा ओळखता आला नाही. फोटो मोठा करून पाहिला.

अक्षर कल्पिता म्हात्रेचं नव्हतं. रेघा पट्टी लावल्यासारख्या सरळ, आकडे सगळे एका उंचीचे, नऊची शेपटी खाली आणून एकदम थांबवलेली, वळण न देता. पाळीतला 'ळ' जोडीनं काढलेल्या दोन वर्तुळांसारखा.

हे अक्षर मी ओळखतो. पहिली ते दहावी माझ्या प्रत्येक वहीवर, प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर नाव-इयत्ता-तुकडी ह्याच अक्षरात होती. बाबा पस्तीस वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते.

 बाबा आज नेहमीपेक्षा लवकर निघालेले. मला वाटलं, रिक्षावाल्याला घाई असेल.

संध्याकाळी आले. डाव्या हाताला पट्टी, चेहरा पांढरा. मी फोटो त्यांच्यासमोर धरला.

"हो," ते म्हणाले. "माझं अक्षर आहे."

"आणि चित्र?"

"तेही मीच सुचवलं. फळाही. तू सांगायचास, मी तिला सांगायचो."

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. घरभेदी म्हटलं, ते आठवतंय. ज्यांच्यासाठी हे ॲप लिहिलं त्यांनीच, असंही म्हटलं. बाबा सोफ्याच्या कडेवर बसून होते. ओरडले नाहीत. आयुष्यात कधी ओरडले नाहीत.

"आधी ती माणसं सकाळी येऊन रांगेत बसायची," ते म्हणाले. "सात वाजेपर्यंत वेबसाइटवर दोन-चार खुर्च्या उरायच्या, त्या कल्पिता रांगेतल्यांना द्यायची. ज्यांना फोन चालवता येत नाही, ज्यांची मुलं जवळ नाहीत, त्यांचं त्यावर चालायचं. आता एकही उरत नाही. पान बंद करायचा तिला अधिकार नाही. देणगीदारांना ऑनलाइन हवं आहे. तिला फक्त त्यावर काय दिसेल तेवढं बदलता येतं."

"मग मला सांगायचं होतं सरळ."

"तीनदा सांगायला बसलो. तू दर वेळी मला ॲप समजावून सांगितलंस."

"त्या रघुला म्हणावं खाजगीत जा."

"खाजगीतही वाट बघावी लागते. माझ्या वेळी तूच फिरला होतास."

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलणं बंद. त्यांनी गोळ्या घेतल्या का ते डबी बघून कळतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांचं अक्षर शिकवायला मला फोटोंची वाट बघावी लागली नाही. माझ्या शाळेच्या वह्या माळ्यावर आहेत. आईनं एकही टाकू दिली नव्हती. आज सगळ्या खाली काढल्या. नावं, तारखा, हजेरी क्रमांक, पाढ्यांचे तक्ते. एक ते शंभर सगळे आकडे मिळाले. ॲपनं एका दुपारीत शिकून घेतलं. बाबा त्या वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. माळ्यावरून वह्या पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार. उठून आले नाहीत.

आणखी एक केलं. आत्तापर्यंत पान बघायचं काम माझा लॅपटॉप एकटा करायचा, उद्या त्यांनी तो अडवला तर ॲप संपलं. आता प्रत्येकाचा फोन आपापलं पान बघेल, दर दोन सेकंदांनी. अडवा किती जणांना अडवता ते. म्हात्रेबाईंनी स्वतः लिहावं, बाबांनी लिहावं, नाहीतर न्यासाच्या अध्यक्षांनी पायानं लिहावं.

रविवारी केंद्रं बंद. सोमवारी सकाळी बघू कोण जिंकतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पावणेसहाच्या सुमारास न्यासाची वेबसाइट कोसळली.

पहिला अर्धा तास मला आनंद झाला. हे खरं आहे म्हणून लिहितो. एवढ्याशा ओझ्यानं पडते ती वेबसाइट कसली, असं सिद्धेशला कळवलंसुद्धा. मग नऊच्या सुमारास सिद्धेशचा फोन आला. त्याची मावशी वर्तकनगरच्या केंद्रावर जाते. तिथे म्हणे कोणालाच आत घेत नाहीयेत. रोजची पाळी कोणाची, कोणाला कुठली सुई, रक्त पातळ करायचं औषध किती, सगळं त्याच साइटच्या आतल्या पानांवर असतं, आणि तीच उघडत नाही.

"हे माहीत होतं तुला?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मला कसं माहीत असणार?

ॲप लॅपटॉपवरून बंद केलं, पण लोकांच्या फोनमधलं बंद होईना. नवीन आवृत्ती टाकली तरी प्रत्येकानं ती घ्यायला हवी. ऑफिसला कळवलं आणि गाडी काढली. आमच्या कोपरहून शहाड लांब नाही, पण कल्याणच्या पुलावर बराच वेळ गेला.

शहाडला मी वर्षभरानं गेलेलो. बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेले. आत एक बुटकी, चष्मा लावलेली मुलगी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं जुन्या कागदी फायली उलटत होती आणि नर्सला ओरडून वजनं सांगत होती. तीच कल्पिता. मला वाटलेलं त्यापेक्षा फारच लहान. पंचविशीचीही नसेल.

बाबा खिडकीजवळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. त्यांची पाळी सुरू व्हायला दोन तास उशीर झालेला. मी जवळ गेलो. डोळे उघडून मला बघितलं आणि परत मिटले.

बाजूच्या बाकावर एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. नऊवारी, नाकात मोठी नथ नाही पण तिचं भोक ताणलेलं. मी उभा आहे असं बघून तिनं सरकून जागा दिली.

"तुमचं पेशंट कोन?"

मी बाबांकडे बोट केलं.

"मधुकाका. लय चांगला मानूस," ती म्हणाली. "आमचे मालकांना आताच अंबुलन्समधून नेला. सकाली चारला येऊन बसलो आमी. शनवारी पन जागा नाय गावली, बुधवारी मधुकाकांनी लिवला तवा गावली. पानी भरला छातीत. बोलता येईना त्यांना."

"मोबाइलवर..." मी काहीतरी बोलायला गेलो.

"त्या मोबाइलवाल्यांचाच कायतरी हाय. कोन तरी हाय बोलतात, घरात बसून सगल्या खुर्च्या पलवतंय. त्याचे घरात कोन आजारी नसल, म्हनून जमतंय त्याला." ती रागानं बोलत नव्हती. पाऊस किती झाला ते सांगावं तसं बोलत होती. "मधुकाका बोलले, तो मानूस वाईट नाय, त्याला दिसत नाय फक्त. मी बोलली, दिसत नाय तर डोलं दाखवाला जा म्हनावं."

मी बाबांकडे बघितलं. डोळे मिटलेलेच होते. पण झोपलेले नव्हते, हे मला कळतं.

मी त्या बाईला काहीही सांगितलं नाही. तिचा मुलगा की पुतण्या, सुदेश नावाचा, तिला हॉस्पिटलात न्यायला आला. तिला जिना उतरायला मी हात दिला. तिनं घेतला.

दुपारी साइट परत चालू झाली. बाबांची चार तासांची पाळी त्यांनी अडीच तासांत उरकली, कारण पुढच्यांना खुर्ची द्यायची होती. 

१३ फेब्रुवारी, गुरुवार

न्यासानं रिकाम्या जागांचं पान पूर्ण काढलं. 'तांत्रिक कारणास्तव जागा फक्त केंद्रावर मिळतील.' एवढीच ओळ.

आणि माझे वापरकर्ते माझ्यावर तुटून पडलेत. ज्यांनी दोन वर्षांत कधी धन्यवाद म्हटलं नाही, त्यांच्याकडे शिव्यांना मात्र भरपूर वेळ आहे. महेंद्ररावांनी लिहिलंय: "चालवायची लायकी नव्हती तर सुरू कशाला केलं? आता वडिलांना सकाळी साडेपाचला रांगेत बसवायचं का आम्ही?" मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एकच शब्द पाठवला: "हो."

बाबा आज स्वतःहून बोलले. "रघु आयसीयूमध्ये आहे."

मी विचारलं, "कुठल्या?"

त्यांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मग त्यांनी गोळ्या घेतल्या, मी पाणी मोजून दिलं.

२ मार्च, रविवार

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

रघु घरी आलाय. आता शहाडला कायमची पाळी मिळाली, मंगळ-गुरु-शनि. कोणाची तरी सुटली म्हणून. ती कोणाची सुटली ते मी विचारलं नाही, बाबांनीही सांगितलं नाही. जिना चढवत नाही म्हणून त्याला खुर्चीवर उचलून नेतात.

माझ्यामुळे झालं असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. माझ्याकडे मुद्दे तयार आहेत. साइट कमकुवत होती. रुग्णांची माहिती आणि जाहीर पान एकाच ठिकाणी ठेवणं हा गुन्हाच आहे. दोन-दोन ठिकाणी नावं लावणाऱ्यांना न्यासानं कधी अडवलं नाही. मला कोणी लेखी कारण दिलं नाही. हे सगळं खरं आहे. रोज अंघोळ करताना मी हे कोणाला तरी ऐकवत असतो.

कल्पिता म्हात्रेला मेल लिहिली आणि पाठवली नाही. तिच्यात माफी नव्हती, तांत्रिक सूचना होत्या. आतली पानं वेगळी करा, न आलेल्याचं नाव रद्द करा. वाचून बघितली तर माझी नेहमीचीच मेल होती, व्हेंडरला लिहिल्यासारखी.

९ मार्च, रविवार

पाठवली. सुरुवातीच्या दोन ओळी काढून टाकल्या, सूचना तशाच ठेवल्या.

१० मार्च, सोमवार

उत्तर: "धन्यवाद सर. पहिली सूचना कंत्राटदाराला दिली. दुसरी विश्वस्तांना पाठवली, ते बघतो म्हणाले. कल्पिता."

बघतो म्हणाले. म्हणजे बघणार नाहीत. एवढं तरी तिला आणि मला सारखंच कळतं.

२३ मार्च, रविवार

न्यासाची वेबसाइट परत आली. देणगी देणाऱ्या कंपनीला ऑनलाइन हवंच होतं, म्हणून विश्वस्तांनी बाहेरच्या कंत्राटदाराकडून नवीन करून घेतली. आता प्रत्येक नोंदणीला फोनवर आकडा येतो, तो घालावा लागतो. हात जोडलेली बाई आहेच, आता हलते. फळा गेला. कल्पिताचं नाव खालून काढलंय.

जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. नुसतं बघायला. कंत्राटदार कल्पितापेक्षा महाग आणि तिच्यापेक्षा गाढव निघाला. रिकाम्या खुर्च्यांची यादी पान उघडण्याच्या आधीच एका उघड्या पत्त्यावर येऊन पडते, आकडा-बिकडा काही न विचारता. कुलूप पुढच्या दाराला आणि मागची भिंतच नाही. ॲपमध्ये एक ओळ बदलली की 'खुर्ची' उद्या सकाळी चालू. आधीपेक्षा वेगात, आणि साइटवर कसलंही ओझं न टाकता. इतकं सुबक काही मला बऱ्याच दिवसांत सापडलं नव्हतं. ती ओळ लिहूनसुद्धा झाली. चालवून पाहिली. चालली. उद्याच्या शहाडच्या दोन खुर्च्या पडद्यावर दिसल्या.

बाबा चहाचे कप घेऊन दारात आले. दोन महिन्यांपूर्वी असे आले असते तर मी म्हटलं असतं, बसा, दाखवतो. ते पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"नवीन केली म्हणे साइट," ते म्हणाले.

"हो."

"सापडली का वाट?"

आत्तापर्यंत ह्या ॲपबद्दल बाबांनी जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलेलं. प्रत्येक वेळी, गरजेपेक्षा जास्त.

"नाही," मी म्हटलं. "ह्या वेळी पक्कं केलंय त्यांनी."

बाबा कप ठेवून तिथेच उभे राहिले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधलेला माणूस. त्यांना कळलं असणार. 

"बरं," मग म्हणाले. "उद्या मला सोडशील का सकाळी? रिक्षावाला गावाला गेलाय."

"सोडतो."

ते गेल्यावर मी ती ओळ पुसली. का, ते नीट सांगता येणार नाही. मागच्या भिंतीबद्दल कंत्राटदाराला कळवा अशी मेल कल्पिताला पाठवली, सहीबिही न करता. तिला कळेल कोण ते. तिच्याबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही. वेबसाइट तिला येत नाही.